कॉन्सर्टिनाचा आवाज

‘जुने ते सोने’ ही म्हण वाद्यांच्या बाजारात जितकी ऐकू येते तितकी अन्यत्र क्वचितच ऐकू येत असेल. व्हायोलिनबद्दल ती ऐकू येते, सतारीबद्दल ऐकू येते, आणि कॉन्सर्टिना ह्या चिमुकल्या विलायती वाद्याबद्दल तर ती हटकून ऐकू येते. इंग्लंड आणि आयर्लंडमधील कित्येक वादक आजही असे सांगतात की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये घडलेल्या कॉन्सर्टिनाचा आवाज जसा दूरवर जातो तसा आज घडविलेल्याचा जात नाही. ह्या समजुतीपायी नामांकित जुन्या वाद्यांना नव्यांच्या काही पट किंमत येते, आणि होतकरू वादक चांगले नवे वाद्य हाताशी असतानाही जुन्याच्या शोधात राहतो. समजूत कितपत खरी आहे हे तपासू लागले की आधी दुसराच एक प्रश्न पुढे उभा राहतो. हा मोठा आवाज त्या वाद्यात आला कोठून? कारण कॉन्सर्टिना जन्माला आला तेव्हा तो मोठ्या आवाजाचा मुळीच नव्हता.

हे वाद्य पुष्कळ श्रोत्यांनी पाहिले नसेल. पण त्याचे अंतरंग मराठी माणसाला अनोळखी नाही. आपली बाजाची पेटी ज्या तत्त्वावर बोलते त्याच तत्त्वावर कॉन्सर्टिना बोलतो. धातूच्या चौकटीत एक बारीक पात एका टोकाने घट्ट बसविलेली असते. भात्याची हवा त्या फटीतून जाऊ लागली की पात कंप पावते आणि स्वर निघतो. कॉन्सर्टिनात दोन षटकोनी पेट्या समोरासमोर असतात, मध्ये घड्यांचा भाता असतो, आणि दोन्ही हात त्या पेट्या जवळ आणीत व दूर नेत बोटांनी बटणे दाबतात. सगळे वाद्य दोन तळहातांत मावते. मात्र पेटीत आणि ह्या वाद्यात एक फरक आहे आणि पुढील सारी हकिगत त्यावर अवलंबून आहे. पेटीचा आवाज मोठा हवा असेल तर कारागीर एका स्वरासाठी दोन किंवा तीन पाती बसवितो; दुहेरी आणि तिहेरी सुरांच्या पेट्या त्यासाठीच निघाल्या. अकॉर्डियनमध्येही तीच सोय आहे. कॉन्सर्टिनात सामान्यतः ती नाही. अठ्ठेचाळीस बटणांच्या इंग्रजी कॉन्सर्टिनात ९६ पाती असतात खऱ्या, पण निम्म्या भाता दाबताना बोलतात आणि निम्म्या ओढताना. एका बटणामागे एका वेळी एकच पात. तेव्हा जे काही करून घ्यावयाचे ते त्या एका पातीकडूनच करून घ्यावे लागते.

ह्या वाद्याचा कर्ता चार्ल्स व्हीटस्टन. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव ‘व्हीटस्टन ब्रिज’मुळे पाठ असते, वास्तविक ती विद्युत्-मंडलाची युक्ती प्रथम सुचली सॅम्युएल ख्रिस्ती ह्याला, व्हीटस्टनने तिला प्रसिद्धी मिळवून दिली. तारायंत्राच्या इतिहासातही त्याचे नाव आहे. परंतु त्याचे घराणे वाद्ये घडविणाऱ्यांचे होते आणि त्याचे पहिले प्रेम ध्वनी हे होते. १८२८ साली त्याने हवेच्या स्तंभातील अनुनादावर एक निबंध लिहिला. त्यात चीनचे शेंग हे वाद्य आहे, जावा बेटातील वाद्य आहे, आणि तोंडाच्या पोकळीने ज्याचा स्वर पालटता येतो त्या मोरचंगाच्या जातीचे वाद्यही आहे. पुढल्याच वर्षी, १८२९ मध्ये, त्याने तोंडाने फुंकावयाच्या एका लहानशा वाद्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी व्हिएन्नात सिरिल देमियानने अकॉर्डियनचे पेटंट घेतले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. फुंकण्याच्या जागी भाता आला आणि कॉन्सर्टिना तयार झाला. त्याच्या सुधारलेल्या रूपाचे पेटंट १८४४ चे आहे. व्हीटस्टन स्वतः इतका संकोची होता की त्याचे संशोधन रॉयल इन्स्टिट्यूशनच्या श्रोत्यांपुढे मांडण्याचे काम मायकेल फॅरडे करीत असे. त्याने काढलेले वाद्यही काही काळ असेच मर्यादशील राहिले.

लंडनच्या कॉन्डुइट स्ट्रीटवरील व्हीटस्टन कंपनीच्या विक्रीच्या वह्या आज हॉर्निमन संग्रहालयात आहेत. सुरुवातीच्या वह्यांतील गिऱ्हाइके पाहिली की हे वाद्य कोणत्या घरात जात होते ते कळते : सरदार, धर्मोपदेशक, लष्करी अधिकारी, आणि त्यांच्या बरोबरीने कुलीन स्त्रिया, त्याही लक्षणीय संख्येने. पुढे पंतप्रधान झालेला आर्थर बाल्फोर हाही ह्या वाद्याच्या नादी लागलेल्यांपैकीच. दिवाणखाना, गालिचा, जाड पडदे, शेजारी पियानो आणि दहा-वीस श्रोते, एवढ्या जागेसाठी आवाज जेवढा हवा तेवढाच कारागीर ठेवीत. पाती बहुधा पितळी; पितळेचा स्वर गोड, पण दमाने कमी. टोकांची पाटी रोझवुडसारख्या लाकडाची, नक्षी नाजूक, आणि नक्षीच्या आत पुष्कळदा एक पातळ लाकडी फळी बसविलेली असे. तिचे काम आवाज अडविणे आणि त्याचा तीव्रपणा मोडणे. म्हणजे मूळ कारागिरांना आवाज वाढवावयाचा नव्हता, उलट त्यांनी तो मुद्दाम झाकला होता.

तरीही ह्या मृदू वाद्यात एक विलक्षण गुण होता आणि तो एका चांगल्या कानाने तेव्हाच टिपला. हेक्टर बेर्लिओझ १८५१ च्या लंडन प्रदर्शनात वाद्यांचा परीक्षक म्हणून आला होता. आपल्या वाद्यवृंदविषयक ग्रंथाच्या १८५५ च्या आवृत्तीत त्याने कॉन्सर्टिनाची दखल घेतली. आवाज दुबळा असूनही गोड आणि भेदक आहे, आणि म्हणून तो बराच दूर पोचतो, असा त्याचा अभिप्राय आहे. जुलिओ रेगॉंदीसारखा वादक मैफली गाजवीत होता आणि बेर्नहार्ड मोलिकने १८५३ साली ह्या वाद्यासाठी वाद्यवृंदासह वाजविण्याची रचना केली होती, त्याचे रहस्य ह्या निरीक्षणात आहे. बेर्लिओझची तक्रार होती ती सुरांच्या जुळणीविषयी. व्हीटस्टनने जी-शार्प आणि ए-फ्लॅट हे स्वर निरनिराळ्या बटणांवर ठेवले होते आणि पियानोच्या ठरीव सुरांशी ते जुळत नसत. (आपल्याकडे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला प्रक्षेपणातून वगळले आणि ती बंदी १९७१ पासून सैल झाली. त्या वादातही एक मोठा मुद्दा ठरीव सुरांचाच होता. फक्त बाजू उलट होत्या.)

मोठा आवाज आला तो दुसऱ्या वाटेने. जर्मनीतील केम्निट्झ गावी कार्ल फ्रीड्रिख उलिग ह्याने १८३४ साली व्हीटस्टनशी संबंध नसलेले असे एक भात्याचे वाद्य काढले. त्यात एकाच बटणाला भाता दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा. शिकावयास सोपे, किमतीला हलके. ही जर्मन वाद्ये इंग्लंडमध्ये, आयर्लंडमध्ये आणि समुद्रापार भराभर खपू लागली. तेव्हा लंडनच्या कारागिरांनी जर्मन मांडणी घेतली, इंग्रजी घडाई घेतली आणि त्या दोहोंतून ‘अँग्लो’ जातीचा कॉन्सर्टिना निघाला. गिऱ्हाईक बदलले. आता घेणारा होता खलाशी, खाणकामगार, रस्त्यावरचा वादक, गावच्या नाचाला साथ देणारा गवंडी. त्याला पडदे नव्हते, गालिचा नव्हता; समोर बुटांचा ठेका होता आणि वर आभाळ होते.

व्हीटस्टनच्या कारखान्यात हत्यारे व यंत्रे बसविणाऱ्या लुई लाशेनाल ह्या स्विस कारागिराने पुढे स्वतःचा कारखाना काढला, आणि ह्या वाद्यांचे अनुक्रमांक लाखांच्या घरात गेले. जॉन क्रॅबने १८६० साली आपले दुकान मांडले आणि ते त्याच्या घराण्यात शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. पण आवाजाच्या बाबतीत ज्याचे नाव आजही घेतले जाते तो पॅडिंग्टनमधील प्रेड स्ट्रीटचा चार्ल्स जेफ्रीज. त्याच्या वाद्यांत पोलादी पाती, जर्मन सिल्व्हरच्या पत्र्याची टोके आणि त्या पत्र्यात मोकळी कोरलेली नक्षी असे. धातूच्या पत्र्याने आवाज वाढतो तो पत्रा घंटेसारखा घुमतो म्हणून नव्हे. लाकूड फार कोरले तर तुटते, पत्रा पातळ असूनही टिकतो. म्हणून भोके मोठी ठेवता येतात आणि आवाजाला बाहेर पडावयास वाट मिळते. आतली झाकणारी फळी तर गेलीच होती.

ह्या वाद्यांच्या जागा पाहिल्या की त्यांच्या आवाजाचा हिशोब लागतो. साल्व्हेशन आर्मीचे प्रचारक चौकात उभे राहून प्रार्थना म्हणत, त्यांना गाडीघोड्यांच्या खडखडाटावर मात करावयाची होती. लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणी व खाणगावांत केवळ कॉन्सर्टिनांचे वाद्यवृंद निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात त्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या. हे वृंद पितळी बँडांच्या शेजारी वाढले होते आणि त्यांच्याच रचना वाजवीत. १८९९ च्या २६ डिसेंबरला ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथे मॉरिस नाचणाऱ्यांना विल्यम किंबर ह्याने अँग्लो कॉन्सर्टिनाची साथ दिली. ती सेसिल शार्पच्या कानी पडली आणि इंग्लंडच्या लोकसंगीताच्या संकलनाला तेथून चालना मिळाली. किंबर व्यवसायाने गवंडी. उघड्यावर, घुंगरांच्या गजरात, सहा नर्तकांना ताल कळेल असा आवाज त्याला हवा होता. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात स्वयंपाकघराच्या दगडी फरशीवर नाच होत, दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या वाड्यांवर होत. दोन्हीकडे लहान आवाजाचे वाद्य कामाचे नव्हते.

आता थोडे ह्या आवाजाच्या घडणीविषयी. कॉन्सर्टिनाची पात बाहेर काढून बोटाने टिचकी मारली तर जेमतेम ऐकू येते. म्हणजे आवाज पातीचा नव्हे. पात आपल्या फटीतून आतबाहेर होताना हवेचा प्रवाह तोडते, त्या तुटलेल्या हवेचे धक्के म्हणजे आवाज. हेल्महोल्ट्झने १८६३ च्या आपल्या ग्रंथात ही गोष्ट उलगडून दाखविली आहे. प्रवाह जितका झटकन आणि पुरता तुटेल तितके मूळ स्वरावरचे उपस्वर अधिक निघतात. आणि माणसाचा कान सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या टापूत सर्वांत तिखट असतो. ह्या टापूत ज्याचे उपस्वर भरघोस, ते वाद्य मापकावर फार मोठे नसले तरी दूरवर ऐकू येते. बेर्लिओझच्या कानाने जे टिपले ते हेच.

प्रवाह झटकन तुटावा म्हणून पात आणि चौकट ह्यांतील फट कागदाच्या जाडीहूनही कमी ठेवावी लागते, आणि पात कोठेही घासता तर कामा नये. जुन्या लंडनच्या घडाईत प्रत्येक पातीला स्वतंत्र पितळी चौकट असे. तिची खाच आतल्या बाजूला किंचित रुंदावत नेलेली, आणि ती चौकट लाकडी फळीच्या खाचेत सरकवून घट्ट बसविलेली. ह्या फळीखाली प्रत्येक पातीची वेगळी खोली. खोलीची उंची स्वराप्रमाणे कमी-अधिक. पातीचे मोकळे टोक चौकटीपासून किती वर उचलून ठेवावयाचे हा कारागिराचा खरा कस. जास्त उचलले तर जोराच्या दाबाखाली पात मोठ्याने बोलते, पण हळू वाजविताना उशिरा बोलते. कमी उचलले तर हलक्या श्वासासरशी बोलते, पण जोर केला की गुदमरते. चांगले जुने वाद्य ह्या दोन्ही टोकांना सांभाळते. जुन्या वादकांनी ‘मोठा आवाज’ म्हणून जी वाखाणणी केली तिच्यात हा गुणही मिसळलेला आहे. कुजबुजीपासून आरोळीपर्यंत जाणारे वाद्य, सदा एकाच पट्टीत ओरडणाऱ्या वाद्यापेक्षा मोठे वाटते.

ह्यामुळे जुन्या-नव्यांची तुलना वाटते तितकी सोपी राहत नाही. एक तर कॉन्सर्टिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, वादकाच्या समोर नव्हे. वादकाला जे ऐकू येते ते श्रोत्याला येत नाही आणि डाव्या बाजूच्या श्रोत्याला उजव्या बाजूचा अर्धा सूर कमी मिळतो. दुसरे असे की, कान आणि मापक निरनिराळे हिशोब ठेवतात. दोन सारखी वाद्ये एकत्र वाजली तरी मापकावर केवळ ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटावा तर सुमारे १० डेसिबलची, म्हणजे शक्तीत दसपटीची वाढ लागते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल गळतात. म्हणजे दोन कॉन्सर्टिनांतला फरक श्रोता दोन पावले पुढे सरकला की पुसला जाईल इतका लहान असू शकतो, आणि तरी त्यावर वर्षानुवर्षे वाद चालू शकतो.

शिवाय ‘जुने’ म्हणजे तरी काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वाद्ये ज्या उंच स्वराला जुळवीत तेथे ए हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांचा होता. १९३९ साली लंडनच्या परिषदेत ४४० ही संख्या मान्य झाली. तेव्हा जुन्या कॉन्सर्टिनाला आजच्या मेळात बसवावयाचे म्हणजे त्याच्या पाती एकेक करून खाली उतरवाव्या लागतात. आणि पात खाली उतरवावयाची तर तिच्या मुळाशी कानस चालवावी लागते. नेमका जेथे तिचा दम असतो तेथेच ती झिजते. पातींवरच्या चामडी झडपा बदललेल्या असतात, भोकांवरच्या गाद्या बदललेल्या असतात, भाता नवा असतो, फळीला पडलेल्या चिरा बुजविलेल्या असतात. आज जुने म्हणून जे ऐकू येते त्यात पुष्कळ भाग आजच्या दुरुस्ती करणाऱ्याचा असतो. लाकूड वयाने गोड होते अशीही एक समजूत आहे. ह्या वाद्याच्या बाबतीत वयाने लाकडाचे जे निश्चित होते ते आकसणे. आणि आकसलेल्या फळीतून एका खोलीची हवा दुसरीत झिरपू लागली की आवाज घटतो, वाढत नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. जर्मनीतून आलेली असंख्य स्वस्त वाद्ये त्याच जुन्या काळची. ती मोडली, टाकली गेली, पोरांच्या खेळण्यात संपली. जपली गेली ती जेफ्रीजची, व्हीटस्टनची आणि लाशेनालच्या वरच्या प्रतीची. शंभर वर्षांच्या चाळणीतून उरलेल्यांची तुलना कालच बाजारात आलेल्या सरसकट मालाशी करणे हा न्याय नव्हे. उलट जुन्याच कंपनीची दुसऱ्या महायुद्धानंतरची वाद्ये घेतली तर घडाई उतरलेली दिसते. वय असूनही वादक त्यांच्यामागे लागत नाहीत.

धंदा तोवर मावळला होता. ग्रामोफोन, सिनेमा आणि अकॉर्डियन ह्यांनी गिऱ्हाईक नेले. लाशेनालचा कारखाना १९३० च्या दशकात बंद पडला. व्हीटस्टन कंपनी मोठ्या वाद्यव्यापाऱ्यांच्या हाती गेली आणि तिचा माल बराचसा दक्षिण आफ्रिकेला जाऊ लागला. १९५२ साली लंडनमध्ये कॉन्सर्टिनाप्रेमींनी एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापला तो वाद्य हरपेल ह्या धास्तीने. त्यानंतर लोकसंगीताची लाट आली, वादक वाढले आणि वाद्ये मिळेनाशी झाली. जुन्या वाद्याची महती वाढली ती ह्या टंचाईच्या काळात, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्या टंचाईतून नव्यांच्या दोन जाती निघाल्या. एका जातीचे कारागीर जुन्या लंडनी पद्धतीने एकेक पात स्वतः घडवितात; इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, अमेरिका येथे असे मोजके लोक आहेत आणि त्यांच्या वाद्यासाठी गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागते. ह्यांपैकी उत्तम वाद्ये आवाजात जुन्या जेफ्रीजच्या बरोबरीने उभी राहतात, काही पुढेही जातात. दुसरी जात मिश्र. तिच्यात इटलीत यंत्रावर होणाऱ्या अकॉर्डियनच्या पाती असतात. एकाच पट्टीवर दोन पाती, अल्युमिनियमची पट्टी, खाच सरळ. हे वाद्य मापकावर कमी भरतेच असे नाही, कित्येकदा अधिक भरते. पण त्याचा आवाज जाडसर आणि गोलसर असतो. उपस्वरांची मांडणी निराळी पडते आणि फिडल-बासरीच्या घोळक्यात तो चिरून वर येत नाही, त्यांच्यात मिसळतो. वादक जेव्हा नवे वाद्य ‘लहान आवाजाचे’ म्हणून खाली ठेवतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात हा फरक असतो, आणि त्यासाठी त्याने वापरलेला शब्द मात्र चुकलेला असतो. अगदी स्वस्त कारखानी मालाची गोष्ट वेगळी. त्यात हवा गळते, पात उशिरा बोलते आणि भाता कडक असतो. तेथे जुन्याशी तुलना करण्याचे कारणच नाही.

आज हे वाद्य बहुतेक करून घरात, शिकवणीच्या खोलीत किंवा ध्वनिक्षेपकापुढे वाजते. चौकातल्या खडखडाटासाठी घडलेला जेफ्रीज आठ-दहा फुटांच्या खोलीत वाजला की शेजारी बसलेल्याला नकोसे होते, आणि वादकाच्या स्वतःच्या कानालाही ते झेपत नाही. म्हणून पुष्कळ वादक पत्र्याची टोके उघडून नक्षीच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा पातळ लाकडाचा तुकडा बसवून घेतात. व्हीटस्टनच्या कारागिरांनी दिवाणखान्यासाठी त्याच जागी फळी बसविली होती.